आजोबांच्या नावावर

प्रिय रोहन आणि सारा,

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — तुमच्या बाबांनाही नाही. आता लिहिते आहे, कारण मागच्या रविवारी फोनवर रोहन हसत म्हणाला, "आजी, मी बिअरलासुद्धा हात लावत नाही. आजोबांचं रक्त आहे ना अंगात!" मीही हसले. मग फोन ठेवून लिहायला कागद शोधला. मराठी कुठे अडलं, तर बाबांना विचारा. त्यांनीही हे वाचायला हवं.

कुठून सुरुवात करू? ते दिवस मला श्वासाने धुरकटलेल्या काचेतून पाहिल्यासारखे दिसतात — कडा पुसट, मध्ये कुठेतरी ऊन. माझी शाळा सकाळची. एक वाजता घरी यायचे, पिवळे पडदे ओढायचे. बाहेरच्या कडुनिंबाची सावली भिंतीवर हलायची आणि वाटायचं, भिंत पाण्यात उभी आहे. घर तरंगायचं. मीही. इंग्रजीच्या वह्या तपासायच्या तशाच राहायच्या, आणि लाल शाईचं पेन बोटांतून कधी गळून पडायचं ते कळायचंही नाही.

नाताळच्या केकसाठी मनुका भिजवायला आपल्याकडे रमची एक बाटली यायची, एवढंच. केक होऊन जायचा, बाटली उरायची — आणि एका वर्षी ती उरली नाही. हो, पिणारी मी होते. आजोबा नव्हेत. मी.

नगर शहरात दारूच्या कुठल्याही दुकानात एखाद्या विद्यार्थ्याचा बाप भेटला असता, म्हणून मी एसटीने सुप्याला जायचे. "साहेबांना हवी आहे," असं दुकानात सांगायचे. म्हणजे खोटं तिथेच सुरू झालं होतं, नाही का?

एके दिवशी मी वर्गात खुर्चीवरून घसरले. चक्कर आली म्हणून निभावलं. आजोबा मात्र सगळं जाणून होते. त्यांनी एका कागदावर केडगावचा पत्ता लिहून तो माझ्या चष्म्याखाली ठेवला, आणि गुरुवारी संध्याकाळी मला स्कूटरवरून तिथे नेलं. ते बाहेर थांबले. दवाखान्यामागची एक खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, दारू सोडलेले आणि सोडू पाहणारे दहा-बारा पुरुष. बाई एकही नाही. सुप्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाळासाहेबांनी खुर्ची पुढे केली. "बसा, बाई. मालक लई पितात व्हय? आमची मंडळीबी आशीच रडत फिरायची."

मला फक्त एक शब्द बोलायचा होता — "नाही." मी म्हणाले, "हो."

तिथे त्याहून जास्त कुणी कुणाची चौकशी करत नाही. मी कोपऱ्यात बसून ऐकायचे. कुणी पिठाच्या डब्यात बाटली लपवल्याचं सांगायचा — माझीही तिथेच असायची. त्यांचं ऐकता ऐकता माझं पिणं सुटत गेलं. पण दर गुरुवारी बाळासाहेब फाटकापर्यंत जायचे. "साहेब, किती दिस भायेर बसनार? आत या की. आमी काय खात न्हाई तुमाला!"

तिसऱ्या गुरुवारी आजोबा आत आले. सगळे त्यांच्याकडे ज्या मायेने बघत होते, त्यावरून मी काय सांगितलं आहे हे त्यांना कळायला किती वेळ लागणार? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहत राहिले. ते बसले. पाळी आली की नाव सांगायचे आणि म्हणायचे, "आज मी फक्त ऐकतो." त्या खोलीत ते एकदाही खोटं बोलले नाहीत. दारू सोडल्याला वर्ष झालं, असं धरून सगळ्यांनी त्यांच्यासाठी केक आणला, टाळ्या वाजल्या. त्यांनी पहिला तुकडा मला भरवला.

खोलीतलं बाहेर कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. दर गुरुवारी तिथे कोण जातं, हे रस्त्यावरून दिसत होतं. चर्चमधल्या मुलांची रविवारची शाळा ते बावीस वर्षं घेत होते. ती त्यांना सोडायला सांगितली. त्यानंतर रविवारी सकाळी ते आधीच इस्त्री झालेला शर्ट पुन्हा इस्त्री करत बसायचे. मी चहा पुढे करायचे. शाळेत माझी नोकरी, माझं नाव — सगळं जागच्या जागी होतं.

आणि तरी हे सर्वांत वाईट नाही. ते गेले तेव्हा कबरस्तानात बाळासाहेब सर्वांसमोर म्हणाले, "साहेबांनी दारू सोडली ती सोडलीच. परत शिवले न्हाईत." त्या संध्याकाळी तुमच्या बाबांनी मला विचारलं, "आई, हे खरं?" तोवर मी निवृत्त झाले होते. भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग काय अडलं होतं? स्वप्नात तोंड उघडावं आणि आवाज दुसऱ्याच कुणाचा यावा, तसं झालं — असं लिहिणार होते. पण तो आवाज माझाच होता.

मी पुन्हा म्हणाले, "हो."

एकोणीस वर्षं मी थेंबाला शिवलेली नाही. अजूनही गुरुवारी जाते. साहेबांच्या मिसेस म्हणून मला पंख्याखालची खुर्ची देतात, आणि मी बसते.

तुमच्या आजोबांनी आयुष्यात कधी दारू चाखली नाही. केडगावच्या त्या खोलीत नवा माणूस आला की दारू सोडलेला माणूस म्हणून त्यांचंच नाव अजून सांगतात.