एक्स्चेंजमावशी आणि न वाजणारा फोन

“फोन बिघडलाय” हे वाक्य एक्स्चेंजमावशी कुणालाही पुरं करू देत नसत. “बिघडलाय म्हंजी काय? कवा लागतो, कवा लागत न्हाई, ते सांग आदी,” असं विचारत. मूळच्या औंधच्या, पण सगळी नोकरी कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून देण्यात गेलेली. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी आमची गल्ली त्यांना त्याच नावानं ओळखायची.

माझ्या वडिलांना, आबांना, दिसायचं कमी झालं तेव्हा मोबाइल सुटला. इंटरनेटच्या डब्याला जोडलेला, मोठ्या बटणांचा घरचा फोन तेवढा त्यांना जमायचा. धाकटा भाऊ सुनील सैन्यात. आबांच्या मनाविरुद्ध लग्न करून तो सीमेवर रुजू झाला होता. तिथं इकडून फोन लागत नसे, त्यालाच करावा लागे. मी सांगलीला. आबाच मला फोन लावत आणि म्हणत, “त्यो करतच न्हाई.” सुनील म्हणे, “ताई, रिंग जाती, आबाच उचलत न्हाईत.” मी आळीपाळीनं दोघांवर रागवत होते.

कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. घरच्या फोनवरून स्वतःचा मोबाइल लावायचा, मग मोबाइलवरून घरचा. दोन्ही लागायचे. “लाइन चांगली आहे,” म्हणून तो निघून जायचा. लाइन चांगली, म्हणजे पोरगाच तुटला, असा आबांनी अर्थ लावला होता.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले, तेव्हा मी मावशींना बोलावलं. त्यांनी फोनला हातच लावला नाही. “ह्याला कुणी शिवायचं न्हाई,” म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. तासाभरानं मला अंगणातून घरचा नंबर लावायला सांगितला. माझ्या कानात रिंग वाजत होती, घरातला फोन मुका. मग त्यांनी आबांना घरच्या फोनवरून शेजाऱ्यांना एक फोन करायला लावला आणि तो ठेवताच मला खूण केली. आता फोन खणखणला. चहापाणी उरकून पुन्हा लावला, तर पुन्हा मुका.

“आवं भाऊ, पोरगं खोटं बोलत न्हाई,” मावशी आबांना म्हणाल्या. “हितनं फोन केला की डबा घडीभर जागा ऱ्हातोय, मग झोपतोय. त्यो मानूस आदी हितनंच फोन करतोय, मग वाजनारच की.”

हे सगळं त्यांनी कंपनीला फोनवर शांतपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी तोच माणूस आला. डब्यानं दर थोड्या वेळानं आपली हजेरी कंपनीकडं कळवत राहावी, म्हणजे तो झोपणार नाही, अशी सेटिंग त्यानं करून दिली. जाताना तो मावशींच्या पाया पडला.

चार दिवसांनी संध्याकाळी फोन वाजला, तेव्हा मावशी आमच्याकडेच होत्या. आबांनी उचलला. सुनीलचा आवाज ऐकून त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, “वाजतच नव्हता रं, पोरा.” मी वळून पाहिलं तर मावशी बाहेर पायरीवर जाऊन बसलेल्या. “दोन मानसं जुळली की आपला कान काढून घ्यायचा,” एवढंच म्हणाल्या.

पुढं त्या औंधला भाच्याकडं गेल्या. तिथं त्यांची स्मृती हळूहळू गेली. सुनील बायकोला घेऊन रजेवर आला, तेव्हा आबा आम्हा सगळ्यांना घेऊन त्यांना भेटायला गेले. मावशींनी कुणालाच ओळखलं नाही. पण आबांचा आवाज ऐकून सरळ बसल्या आणि नोकरीतल्या स्वच्छ भाषेत त्यांनी विचारलं, “कुणाशी बोलायचंय आपल्याला?”

आबांनी चाचपडत त्यांचा हात हातात घेतला. “झालं बोलणं, बाई,” ते म्हणाले. “नीट झालं.”