लावू का दार?

माणसांवर संशय घेणं हा माझा मूळ स्वभाव, आणि पुढे नोकरीही तीच मिळाली. आवड आणि काम एकच, हे भाग्य किती जणांच्या वाट्याला येतं? एका मोठ्या हॉस्पिटलच्या फाटकावर मी बावीस वर्षं पहारा केला. आत येणाऱ्याची पिशवी बघायची, बाहेर जाणाऱ्याची त्याहून नीट बघायची. बायको म्हणायची, "घरी आल्यावर भाजीची पिशवीसुद्धा तुम्ही उचकटून बघता." बघायचो. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं.

या बावीस वर्षांत सगळ्यात जास्त संशय मी घेतला तो आमच्या लिफ्टमनवर. त्याचं खरं नाव हजेरीपटावर असेल, पण सगळे त्याला सावकाशकाका म्हणत. लिफ्टमध्ये पाय टाकणाऱ्या प्रत्येकाला तो आधी "सावकाश" म्हणायचा. अंगाने किरकोळ, बारा महिने तोच राखाडी स्वेटर, बसायला एक स्टूल आणि स्टुलावर घडी घातलेला टॉवेल. त्याची लिफ्ट जुन्या इमारतीची होती, जाळीच्या सरकत्या दाराची. आत एक पितळी दांडा. पुढे ढकलला की वर, मागे ओढला की खाली, सोडला की जिथे असेल तिथे उभी. वर जाताना जाळीतून इमारतीची उघडी भिंत खाली सरकताना दिसायची.

या काकाची एक खोड होती. विचारल्याशिवाय तो दार लावायचा नाही. "लावू का दार?" म्हणायचा आणि उत्तर येईपर्यंत हात जाळीवर ठेवून उभा राहायचा. एकदा एका बहिऱ्या आजीच्या उत्तरासाठी त्याने सगळ्यांना ताटकळत ठेवलं होतं. मोठे डॉक्टर त्याला कंटाळून नव्या लिफ्टने जायचे. मी कारण विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "नोकरीच्या पहिल्या वर्षी घाईघाईत दार लावलं, हवालदार. स्ट्रेचरवरचा पेशंट आत आणि त्याची बायको बाहेर. ती जिन्याने धापा टाकत वर पोचेपर्यंत तो गेला होता."

मी कधी हवालदार नव्हतो, पण तो मला तसंच म्हणायचा. त्याची ही गोष्ट मला मुळीच पटली नाही. कामात ढिलाई करणाऱ्याकडे अशी एखादी गोष्ट तयारच असते. शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्या परक्या माणसांशी इतकं गोड बोलायचं कारण काय? त्यातच त्या वर्षी संडास-बाथरूममधल्या पितळी तोट्या गायब व्हायला लागल्या. अकरा तोट्या गेल्या, आणि फाटकावर मी. मला झोप लागेना. सगळे मजले दिवसभर कोण फिरतं? लिफ्टमन. मी त्याच्या जेवणाच्या डब्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

त्याच सुमाराला वरच्या डोंगराळ भागात भूकंप झाला. गावंच्या गावं बसली. आमच्याकडे खाटा संपल्या, मग गाद्या संपल्या. मालमोटारीतून माणसं उतरायची आणि फाटकात उभी राहून नुसती बघत राहायची. इतकी माणसं, इतके दिवे, वर सतत काहीतरी सांगणारा लाउडस्पीकर. कुणाला आपलं माणूस कुठल्या मजल्यावर आहे तेच माहीत नसायचं.

अशात एक माणूस माझ्या नजरेत भरला. पन्नाशीचा, रापलेला, हाताच्या रेघांत पांढरं काहीतरी मुरलेलं. काखेत गाठोडं. दोन दिवस तो इमारतीसमोरच्या मोकळ्या पटांगणात होता. आत येत नव्हता, जातही नव्हता. मान वर करून मजले न्याहाळायचा. मधूनच भिंतीजवळ जायचा, बोटांच्या पेरांनी टकटक करायचा, कान लावायचा आणि घाबरल्यासारखा मागे सरायचा. आता तुम्हीच सांगा, सरळ माणूस भिंतीला कान लावतो का?

मी त्याला तीनदा हटकलं. "कोण तू? इथे काय करतोस? गाठोड्यात काय आहे?" तिन्ही वेळा त्याने पाठ फिरवली. गाठोडं छातीशी घट्ट धरून लांब जाऊन उभा राहिला. आणि गाठोडं वाजलं. आत लोखंड-पितळ काहीतरी होतं. माझ्या डोक्यात अकरा तोट्या एकदम खणखणल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाचव्या मजल्यावरची सिस्टर स्वतः फाटकावर आली. "भूकंपातली एक मुलगी आहे माझ्याकडे, बारा वर्षांची," ती म्हणाली. "घर अंगावर आलं, त्यात आई गेली. हिचा पाय चिरडलाय. उद्या सकाळी ऑपरेशन झालं नाही तर पाय कापावा लागेल. बाप मागच्या गाडीने येतोय म्हणाले होते, त्याचा पत्ता नाही. सही त्याची लागेल, आणि त्याहून मोठी पंचाईत म्हणजे पोरगी छतावरची नजर काढत नाही. कुणी हात लावला की किंचाळते. बाप आल्याशिवाय नाही म्हणते. सहाला डॉक्टर उद्याची यादी नक्की करतात. कुणी बाप दिसला तर पाठवा हो."

"दिसला तर पाठवतो," मी म्हणालो. आणि शोधायलाही लागलो. रडणारे बाप बघितले, धावणारे बघितले, मुलींची नावं घेत फिरणारे बघितले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण ते मला तेव्हा कुठे ठाऊक!

चार वाजता भेटीची वेळ सुरू झाली आणि लोंढा आत शिरला. त्या लोंढ्यात गाठोडंवाला मला दिसला. शेवटी आत घुसलाच! मी ओरडत त्याच्या मागे धावलो. "ए! थांब! धरा त्याला!" नेमकी तेव्हाच ऑक्सिजनच्या नळकांड्यांची ढकलगाडी बाजूच्या फरशीवरून धडधडत गेली. आम्हाला त्या आवाजाची सवय. पण फरशी हादरते हे खरं.

तो माणूस जागच्या जागी पांढरा पडला. त्याने एकदा छताकडे बघितलं, आणि पळाला. बाहेर नाही, आत. सावकाशकाकाच्या लिफ्टच्या चौकटीत जाऊन दोन्ही हात दोन्ही बाजूंना लावून, मान खाली घालून उभा राहिला. अंगाचा नुसता थरकाप. मागे रांग तुंबली. कुणी म्हणालं वेडा आहे, कुणी म्हणालं दारू प्यायलाय. मी पोचलो आणि त्याच्या गाठोड्याला हात घातला. त्याने घशातून असा आवाज काढला की माझा हात आपोआप मागे आला.

"हवालदार, जरा लांब व्हा," काका म्हणाला.

"तोट्या आहेत त्यात!"

"असतील. लांब व्हा." मग त्याने रांगेला जिन्याकडे वळवलं, त्या माणसाच्या हाताखालून आपलं स्टूल बाहेर काढून चौकटीशेजारी ठेवलं आणि स्वतः त्यावर बसला. माणूस उभा, हा बसलेला, म्हणजे मान वर करून बोलणारा हाच. "दादा, चौकटीत उभे राहिलात ते बरोबर केलंत," तो म्हणाला. "घरात सगळ्यात भक्कम जागा तीच. सावकाश. कुणी तुम्हाला हलवत नाही."

बराच वेळ तो तसाच बसला. त्या माणसाचा श्वास थोडा खाली आला तेव्हा त्याने विचारलं, "कुणाकडे जायचंय?"

माणसाने खिशातून एक चुरगळलेली चिठ्ठी काढून दिली. मजला पाच, खाट एकवीस. मी खांद्यावरून वाचली. सिस्टर शोधत होती तो बाप हाच. दोन दिवसांत मी त्याला तीन प्रश्न तीन-तीनदा विचारले होते. हा एक मला सुचला नव्हता.

गाठोडं त्याने आपण होऊन सोडलं. आत थापी होती, पाणपातळी होती आणि भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा, दोरी गुंडाळलेला पितळी ओळंबा होता. तो गवंडी होता. हातावरच्या रेघांतलं पांढरं म्हणजे चुना आणि सिमेंट. माणूस दोन दिवस इमारत हेरत होता तो चोरीसाठी नव्हे. ती उभी राहील का, हे बघत होता. पोरगी वर, आणि त्याला छताखाली पाऊल टाकवत नव्हतं.

आता मला घाई सुटली. पाप फेडायची घाई फार वाईट असते. घड्याळात पावणेपाच झाले होते. "काका, याला डोळे मिटायला सांगा आणि दांडा ढकला. एक मिनिटाचं काम," मी म्हणालो.

"डोळे मिटून वर नेला, तर वर डोळे उघडल्यावर काय करेल?" काका म्हणाला. मग गवंड्याकडे वळला. "दादा, ही लिफ्ट जाळीची आहे. इमारतीची हाडं आतून दिसतात. खांब, तुळया, सगळं, गिलाव्याशिवाय. तुम्ही तपासा. पटलं तर वर जाऊ. नाही पटलं तर तिथूनच खाली आणतो. शब्द माझा."

गवंड्याने त्याच्याकडे बघितलं, मग जाळीकडे. हळूच आत आला. मीही शिरलो, कारण काही झालं तरी संशय पूर्ण गेला नव्हता. खोटं कशाला बोलू?

"लावू का दार?" काकाने विचारलं.

काका जाळीवर हात ठेवून उभा. मी घड्याळाकडे बघत होतो. किती वेळ गेला देव जाणे. शेवटी गवंड्याने मान हलवली.

असा प्रवास मी जन्मात केला नाही. दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट उभी करायची नाही, असा नियम आतच लिहून लावला होता. काकाने त्याच्याच शेजारी उभं राहून दर वीतभराला दांडा सोडला. गवंडी जाळीतून हात घालून तुळई चाचपायचा, थापीच्या मुठीने ठोकायचा, कान द्यायचा. प्रत्येक मजल्यावर दार उघडायचं, तो बाहेर जाऊन खांबाला ओळंबा लावायचा, दोरी स्थिर होईपर्यंत श्वास धरायचा. मग आत यायचा. मग पुन्हा "लावू का दार?" आणि पुन्हा ती वाट बघणं. पण मला एक दिसलं. ओळंब्याची दोरी धरली की त्याच्या हाताची थरथर थांबायची.

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे त्याला चीर दिसली. चांगली हातभर लांब. तो एकदम मागे माझ्या अंगावर आला, गुडघे मोडून खाली बसला, हात डोक्यावर. दुधाने तोंड पोळलेल्याला ताक फुंकून पी म्हणून कोण शिकवतो? मी म्हणणार होतो की अहो, ती चीर माझ्या नोकरीच्याही आधीची आहे. काकाने मला हातानेच गप्प केलं. दांडा सोडून तोही खाली, त्याच्याशेजारी बसला.

"मला त्यातलं कळत नाही, दादा," तो म्हणाला. "तीस वर्षं मी हिच्यासमोरून रोज जातो. ही चीर हाडाला आहे की कातडीला, तेवढं मला सांगा. मला पण कळू दे."

लिफ्टमधल्या दिव्याचा बारीक घुंई आवाज येत होता. खालून कुणीतरी घंटी बडवत होतं. गवंडी उठला. थापीचं टोक त्याने चिरेत घातलं, खरवडलं, बोटाने आत चाचपलं. मग तीन दिवसांत पहिल्यांदा त्याचे शब्द मी ऐकले. "डागडुजी केलीय इथे, वरून गिलावा लिंपलाय. तो तडकलाय. तुळई शाबूत आहे."

"नक्की?"

"नक्की."

"बरं झालं सांगितलंत," काका म्हणाला, आणि मला वाटतं ते तो मनापासून म्हणाला.

पाचव्या मजल्यावर पोचलो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. एकवीस नंबरच्या खाटेवर मुलगी उताणी पडून छताकडे बघत होती. बापाला बघून ती रडली नाही. तिने आधी विचारलं, "बाबा, ही इमारत बघितलीस?"

"बघितली."

"आपलं घर बघितलं होतंस का?"

सिस्टर मला म्हणणार होती की यांना एकटं सोडा, पण तीही थबकली. गवंड्याने खाटेचा दांडा धरला. "नाही," तो म्हणाला. "आपल्या घराला ओळंबा लावायला मी विसरलो. लोकांच्या घरांच्या घाईत आपलं उरकलं. माझी चूक झाली. तुझ्या आईची..." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला रडू आलं होतं आणि हवालदाराने रडू नये.

मुलीने त्याच्याकडे बघितलं. "ही सगळी बघितलीस? खालपासून?"

"खालपासून. एकेक मजला. मधल्यासकट."

"शपथ?"

त्याने ओळंब्याची दोरी सोडली आणि तिच्या खाटेशेजारच्या खांबाला लावली. पितळी गोळा थोडा हलला आणि स्थिर झाला. तिने तो नीट बघितला. मग सिस्टरला म्हणाली, "करू दे ऑपरेशन." आणि छतावरची नजर काढून डोळे मिटले.

सही झाली तेव्हा सहाला सात मिनिटं कमी होती. डोळे मिटायला सांगून त्याला वर आणला असता, तर "खालपासून?" या प्रश्नाला त्याच्याकडे काय उत्तर होतं? मला हे सुचलं आणि मी खाली जाऊन फाटकाजवळच्या बाकावर बसून राहिलो. कितीतरी पिशव्या न बघता गेल्या त्या दिवशी.

पाय वाचला. दीड महिन्याने ते दोघं निघाले तेव्हा मुलगी दोन कुबड्यांवर उभी होती, पण दोन्ही पायांवर उभी होती. मी त्यांना आणायला वर गेलो होतो. कुणी सांगितलं नव्हतं, पण गेलो होतो. गाठोडं मी उचलतो म्हणालो आणि गवंड्याने ते माझ्या हातात दिलं. तोट्या मात्र कुणी नेल्या ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझा संशय आता आमच्याच प्लंबरवर आहे.

ती दोघं लिफ्टमध्ये शिरली. मी सिस्टरशी दोन शब्द बोलायला मागे राहिलो.

"लावू का दार?" काकाने विचारलं.

"थांबा," गवंडी म्हणाला. "हवालदार बाहेर राहिलेत."