पुठ्ठ्याची चकती

चौतीस वर्षं मी बंगळुरातल्या एका सरकारी कारखान्यात रडारला लागणारी वीज स्वच्छ करून देण्याचं काम केलं. अर्थिंग कसं करावं यावर नव्या इंजिनिअरांना दरवर्षी व्याख्यान द्यायचो. यंत्राच्या आतलं धातूचं प्रत्येक आवरण चॅसिसला, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्याला, घट्ट भिडलंच पाहिजे, हे मी टेबलावर हात आपटून सांगायचो आणि पोरं निमूट लिहून घ्यायची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी काय माती खाल्ली ते नीट कळेल.

बाबा गेल्यावर आई हुबळीहून माझ्या यशवंतपूरच्या फ्लॅटमध्ये आली ती बाबांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, जुना रेडिओ घेऊन. तिचं वय चौऱ्याऐंशी. सकाळी सहाला ती रेडिओ लावायची, आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत चहा गाळायची आणि मग कन्नड भजनं, बातम्या, अगदी शेतकऱ्यांसाठीचा सल्लासुद्धा मन लावून ऐकायची. आठला मिरजेच्या मावशीला फोन करून त्यातलं निम्मं तिला ऐकवायची. बायको लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेलेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच होतो.

एक दिवस रेडिओ जोरात गुरगुरायला लागला. हा तर माझ्या डाव्या हातचा मळ. विजेतल्या लाटा सपाट करणारा कंडेन्सर वाळला की त्या लाटा स्पीकरमधून ऐकू येतात. टॉर्चच्या सेलएवढा तो ॲल्युमिनियमचा डबा मी काढला आणि नवा ऑनलाइन मागवला. जुन्या डब्याच्या बुडाशी पुठ्ठ्याची एक तेलकट चकती होती. ती बघून मला रेडिओ बनवणाऱ्यांच्या गबाळेपणाची कीव आली. चकती कचऱ्यात टाकली, चॅसिस पॉलिश पेपरने घासून लखलखीत केलं आणि नवा डबा धातूला धातू भिडवून बसवला.

मोठी गुरगुर गेली. पण दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, बारीक घूं अजून येतंय. मी विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारा माझा ऑसिलोस्कोप आणून त्या डब्याला लावला. पडद्यावरची रेघ सरळ. खरं सांगायचं तर घूं मलाही ऐकू येत होतं. पण रेघ सरळ होती, आणि मी जन्मभर रेघेवर विश्वास ठेवून पगार घेतला होता.

"रेडिओ ठीक आहे," मी म्हणालो. "तुझ्या कानात घुमतंय."

रेडिओ बंद केला की थांबतं, असं ती म्हणाली. त्यावरही माझ्याकडे उत्तर तयार: म्हातारपणी बाहेरचा आवाज आला की कान आपोआप घुमायला लागतात. हे शास्त्र मी तिथल्या तिथे जन्माला घातलं. तेवढ्यावर थांबायचं, तर मी तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वयाच्या मानाने कान छान आहेत म्हणून सांगितलं. घरी येताना ऑटोत मी तिला 'वयाच्या मानाने' एवढंच दोनदा ऐकवलं.

आईने माझं म्हणणं खरं मानलं, हीच पंचाईत झाली. तिने रेडिओ लावणं सोडलं. मावशीचा फोन आला की मलाच घ्यायला खुणावायची. आपण भलतंच ऐकू आणि भलतंच बोलू याची तिला धास्ती. दोन महिने दोघी बहिणींचं बोलणं नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या अक्का दारात येऊन काही बोलल्या तरी नुसतं हसून कन्नडात 'सरी, सरी', म्हणजे बरं, बरं, म्हणायची. मग चहा गाळून गप्प बसायची, आणि मी समोर पेपर वाचायचो.

तिला पुन्हा रेडिओची गोडी लागावी म्हणून मी स्टेशन दाखवणाऱ्या काट्याचा सैल झालेला दोरा बदलायचं ठरवलं. ते काम करणारा निपाणीकडचा एक म्हातारा कारागीर चामराजपेटला बसतो. तेवढंच बाहेर पडणं होईल म्हणून आईलाही नेलं. त्याने रेडिओ लावला, आवाजाचं बटण पार शून्यावर आणलं आणि मान तिरकी केली.

"घुमतंय की हो," तो म्हणाला.

स्टुलावर बसलेली आई ताठ झाली. मी त्याला सरळ रेघेबद्दल सांगितलं. त्याने आदराने मान हलवली, रेडिओ उलटा केला आणि विचारलं, "डब्याखालचा पुठ्ठा कुठं गेला, सर?"

पुठ्ठा मी काढला, असं सांगून वर त्याला अर्थिंगचं व्याख्यानही दिलं. भल्या माणसाने ते पूर्ण ऐकून घेतलं. मग अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत त्याने समजावलं, तेही मला नाही, आईला. या सेटमध्ये डबा चॅसिसला टेकवायचाच नसतो, मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो. टेकला की लाटा आडवाटेने शेवटच्या व्हॉल्व्हमध्ये शिरतात. म्हणजे चोर मागच्या दाराने आत येत होता आणि मी पुढच्या दाराचं कुलूप तपासत होतो.

"स्वल्प थांबा अम्मा," म्हणत त्याने उदबत्तीच्या खोक्याची चकती कापून डब्याखाली बसवली. पुन्हा रेडिओ लावला तेव्हा इतकं शांत होतं, की तो चालू आहे हेच आधी कळेना. मग एका बाईंचा आवाज आला, स्वच्छ, बातम्या सांगणारा.

"म्हणजे ते रेडिओत होतं," आई म्हणाली.

मी हो म्हणालो. माझी मान वर होईना. एक रेघ खरी ठरवण्यासाठी मी आईचे चांगले कान खोटे ठरवले होते. ऑटोत माफी मागायची असं ठरवलं. यशवंतपूर आलं तरी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला रेडिओ लागला आणि आठला तिने मावशीला फोन केला. मी स्वयंपाकघरात होतो. इतके दिवस कुठे होतीस, असं मावशीने विचारलं असणार.

"अगं, कानात मळ साठला होता," आई म्हणाली. "याने डॉक्टरांकडे नेलं म्हणून बरं. आता अगदी स्वच्छ ऐकू येतं."

मग तिकडून माझं कौतुक झालं असावं, कारण आई म्हणाली, हो गं, फार करतो माझं. बाहेर जाऊन मावशीला खरं सांगायला चार पावलं पुरली असती. मी ती टाकली नाहीत.