परतवाड्याची छागल: माझ्या कापडज्ञानाची वाट लागली त्याची गोष्ट

छागल पाहिजे, एवढंच बाबा फोनवर म्हणाले आणि मी तिकीट काढलं. छागल म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी. पूर्वी ट्रकच्या, एसटीच्या बाजूला लटकलेली दिसायची. बाबा म्हणजे माझे सासरे. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, सासूबाई गेल्यापासून परतवाड्याला एकटेच राहतात. या एप्रिलमध्ये त्यांना ऊन लागलं, दोन दिवस सलाइनवर काढले. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, रोज तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे. बाबा पितात जेमतेम दोन ग्लास. फ्रीजच्या पाण्याने दात ठणकतात, माठाचं मातकट लागतं. नवऱ्याने जाहीर केलं, "असंच चाललं तर बाबांना कायमचं पुण्याला आणायचं." बाबांना ते अजिबात नको होतं, म्हणून छागल.

आता मी पुण्यात घरच्या घरी कॅनव्हासच्या पिशव्या शिवून विकते. छागल ही शेवटी पिशवीच. मी फुशारकी मारली, "जिथे कापूस पिकतो तिथूनच कापड घेते, दोन दिवसांत शिवून देते." हसू नका, पुढे वाचा.

सकाळी आठला अकोल्याला उतरले. स्टेशनबाहेर तर्री घातलेले पोहे खाल्ले (वीस रुपये, आणि नाकातोंडातून धूर), ऑटो करून कापडबाजार गाठला. पहिल्या दुकानात ऐटीत म्हटलं, "कॅनव्हास दाखवा."

"कोनता?" दुकानदार. आणि तिथून माझी दशा सुरू झाली. मी पुण्यात जीएसएममध्ये बोलते, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. हे गृहस्थ औंसात बोलत होते. शेजारच्या दुकानात नंबर चालत होते. साधं डक (म्हणजे घट्ट विणीचं सुती कॅनव्हास), दोन धाग्यांचं दणकट डक, चित्रकारांचं पांढरं लेप लावलेलं, बुटांचं रंगवलेलं, तंबूचं हिरवं, ताडपत्रीचं मेण चढवलेलं. गठ्ठ्यांवर गठ्ठे. मी घाम पुसत म्हटलं, "सगळ्यात जाड द्या, बारा नंबर."

"ताई, बारा नंबर त पातळ असते. जाड पायजे त चार घ्या."

म्हणजे नंबर वाढला की कापड पातळ! चार वर्षं हा धंदा करतेय, आणि हे मला अकोल्यात कळावं? विषय बदलायला विचारलं, "हे इथलंच ना कापड?"

"नाई. भायेरून येते."

"आणि कापूस?"

"तो इथून जाते."

शेवटी सरळच सांगितलं, "पाण्याची पिशवी शिवायचीय. थेंबसुद्धा गळता कामा नये." त्यांनी मेणाचं कापड मोजून दिलं. गळणार नाही म्हणजे नाही, अशी ग्वाहीही दिली.

दुपारच्या एसटीने अमरावती. बायकांना अर्धं तिकीट, पण खिडकीतून येणारी झळ पूर्ण. दुपट्टा ओला करून डोक्याला बांधा, लाजू नका. अमरावतीला तिखट चटणी-दह्यातला गिला वडा खाल्ला आणि तो खाऊन आणखी तहान लागली. तिथून परतवाडा दीड तास. चिखलदऱ्याला जाणारी मंडळी इथे गाडी बदलतात. मी मात्र गठ्ठा घेऊन घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीच्या मशीनवर छागल शिवली. तीन सुया मोडल्या. शिलाईवर मेणबत्तीही घासली. पाणी भरून अंगणातल्या कडुनिंबाला टांगली. एक थेंब नाही! मी नवऱ्याला फोटोसुद्धा पाठवला. दुपारी बाबांनी एक घोट घेतला आणि थुंकला.

"वृंदा, थे पाणी हाय का काढा?"

पाणी कढत होतं, वर मेणाचा वास. मला काही कळेना. कापड आणखी जाड हवं होतं? की पातळ? औंस चुकले की नंबर? मी छागलीला ओला टॉवेल गुंडाळायला निघाले तेव्हा बाबा चपला घालत म्हणाले, "चाल माह्यासंग."

बसस्टँडजवळ रज्जाकभाई ऑटोचे हूड आणि ट्रकच्या ताडपत्र्या शिवतात. बाबांच्या डेपोतल्या निम्म्या ड्रायव्हरांच्या छागली त्यांनीच शिवलेल्या. त्यांनी माझी छागल उलटीपालटी केली, कापडाला तोंड लावून जोरात फुंकर मारली. हवा आरपार गेली नाही.

"ताई, हे गळत काहून नाई?"

"गळू नये म्हणूनच तर..."

"गळलीच नाई त थंडी कशी होईन? मानसाले घाम आला नाई त थो थंडा होते काय?"

पाणी कापडातून झिरपणार, वाऱ्याने उडणार, तेव्हा आतलं गार होणार. शाळेत शिकले होते की हो! रज्जाकभाईंनी कोरं डक काढलं, रंग नाही, मेण नाही, दोन धागे पिळून विणलेलं. अर्ध्या तासात छागल तयार. मी वही काढून विचारलं, "हा कितवा नंबर?"

"आठ असीन. नाई त दहा. हाताले समजते."

माझ्या हाताला काहीच समजलं नाही.

घरी येऊन पाणी भरलं तर अंगणभर धार! माझा धीरच सुटला, अक्षरशः रडायला आलं. बाबा मात्र खदखदा हसले. सासूबाई गेल्यानंतर त्यांना इतकं हसताना मी प्रथमच पाहिलं. "अवं, भिजू दे तिले. कापूस फुगते, भोकं बुजतेत." छागल रात्रभर बादलीत बुडवून ठेवली. तिसऱ्या दिवशी ती नुसती पाझरत होती. ऊन चव्वेचाळीसवर, आणि पाणी इतकं गार की मीच दोन पेले प्याले. सकाळी मोजून तीन लिटर भरलं. संध्याकाळी छागल रिकामी. मी टाळ्या वाजवल्या, आणि मग खाली ओली जमीन दिसली. झिरपलं किती, उडालं किती, बाबांच्या पोटात गेलं किती?

"बाबा, नेमकं किती प्यालात?"

"पेलो ना."

"पण किती?"

"कोनी मोजून पेते काय?"

पुण्यात येऊन आठवडा झाला. तुम्ही जाणार असाल तर एवढंच सांगते: दुकानात नंबर विचारत बसू नका, कापड कशासाठी हवंय ते आधी नीट सांगा, आणि पाण्यासाठी हवं असेल तर फुंकर मारून बघा. बाकी मला अजूनही औंसांचे नंबर करता येत नाहीत. बाबा किती पाणी पितात हेही माहीत नाही. म्हणून रोज फोन करून तोच प्रश्न विचारत होते.

काल बाबांनी मला बोलूच दिलं नाही. फोन उचलल्या उचलल्या म्हणाले, "पेऊन राहिलो व माय. सकाळपासून सहा पेले. तहान लागत नाई तरी पेऊन राहिलो. आता त नाई नेणार ना मले पुण्याले?"

मी तिकडे छागल शिवत होते, आणि बाबा ते सगळे दिवस परीक्षेला बसले होते.

"नाही नेणार, बाबा," मी म्हटलं. नवऱ्याला विचारलंही नाही.