परड्यातलं मुंगूस

आमचे हे लष्करातून निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा मला वाटलं, चला, घरात कामाला दोन हात वाढले. वाढल्या त्या कोंबड्या. लोणंदच्या बाजारातून एका खोक्यात गावरान पिल्लं घेऊन आले आणि म्हणाले, "परड्यात फिरतील. त्यास्नी काय लागतंय?" मी माधवनगरची, गिरणीच्या खोल्यांमध्ये वाढलेली, माझी कोंबडीशी ओळख ताटातली. तरी उंब्रजजवळच्या या घरात खुराडं झाडायचं काम आलं माझ्याच वाट्याला.

पिल्लं मोठी झाली, अंडी द्यायला लागली आणि मग एकेक करून नाहीशी व्हायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "घार नेतिया." त्यांच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून आम्ही परड्यावर बांधल्या. वाऱ्यानं त्या फडफडल्या की कोंबड्याच बिथरायच्या आणि खुराड्यात शिरून बसायच्या. यांचं म्हणणं वेगळं. "पलीकडच्या उसातनं रानमांजर येतंय." मग उसाकडच्या भिंतीवर काटेरी तार आली, खुराड्याला जाळी आली. हे सकाळ-संध्याकाळ भिंतीच्या कडेनं फिरून माग बघायचे, जणू सरहद्दीवरच उभे आहेत. कोंबड्या जायच्या त्या जातच राहिल्या.

एका दुपारी सासूबाईंनी मला हाक मारली आणि दाराशी उभ्या राहून हात जोडले. परड्यातून एक मुंगूस तुरुतुरु चाललं होतं.

"दर्शन झालं बग. कायतरी चांगलं हुणार आज."

झालं ते असं, की सगळ्यात जास्त अंडी देणारी तांबडी संध्याकाळी आलीच नाही. भिंतीशी नुसती पिसं पडली होती.

"आवं आत्याबाई, त्यानंच नेली तिला!"

"न्हाई गं. त्याला साप लागतोय. कोंबडीला कशाला तोंड लावंल त्ये?"

आता सासूबाईंना काय सांगायचं? मी ह्यांच्याकडे बघितलं. ते तारेला पीळ देत म्हणाले, "मुंगूस आसंल तर भिंत आनखी वर घ्यावी लागंल."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी न्हाणीपाशी भांडी घासत होते. मागे कोंबड्यांचा जो ओरडा झाला, तो ऐकून हातातली कढई तशीच टाकून पळाले. मुंगसानं काळ्या कोंबडीची मान धरली होती आणि ते तिला ओढत नेत होतं. काय करतेय ते कळायच्या आत मी तिचे पाय धरले. ते सोडेना, मी सोडेना. माझ्या हाताला राख आणि साबण, कोंबडीचे पाय निसटायला लागले. मी घसा फोडून ओरडत होते आणि आमचे हे गच्चीवरून विचारत होते, "काय झालं गं? कुठल्या बाजूनं आलं?"

"आवं, बाजू राहू द्या, खाली या!"

शेवटी मुंगसानंच मान सोडली. पण ते उसाकडे पळालंच नाही. भिंत नाही, तार नाही, सरळ खुराड्याला लागून रचलेल्या चिपाडांच्या गंजीत शिरलं. उसाची ही चिपाडं आम्ही चुलीच्या जळणासाठी साठवलेली. म्हणजे इतके महिने आम्ही बाहेरून येणाऱ्याला अडवत होतो, आणि ते राहात होतं आमच्याच परड्यात. माझ्या डोक्यातून अक्षरशः वाफा निघायच्या बाकी होत्या.

काळीला हळद लावून टोपलीखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गंजी उपसायला लागलो. मी हातात काठी घेतली होती. "मारायचं न्हाई हां," यांनी बजावलं, "गुन्हा हाय त्यो." अर्धीअधिक गंजी निघाल्यावर मुंगूस बाहेर आलं. त्याच्या तोंडात त्याचंच एक पिल्लू होतं. आमच्या समोरून ते भिंतीकडे गेलं, पिल्लू पलीकडे ठेवून परत आलं आणि दुसरं उचललं.

"लेकुरवाळी हाय गं ती," सासूबाई हळूच म्हणाल्या.

काठी मी खाली केली होती. तिनं सगळी पिल्लं नेईपर्यंत आम्ही चिपाडांत हात घातला नाही. तांबडीची आठवण येऊन मला रडूही येत होतं आणि स्वतःचाच रागही येत होता.

आता चिपाडं घराच्या पुढच्या अंगाला हलवली आहेत. खुराड्याखाली शहाबादी फरशी घातली आहे. कोंबड्या मोकळ्या असल्या की कुणीतरी परड्यात बसायचं असं ठरलं. हे 'कुणीतरी' म्हणजे मी, हे काही वेगळं सांगायला नको. मी तिथंच भाजी निवडते, तांदूळ पाखडते, माहेरी फोनवर बोलते. काळी वाचली, पण मानेवर पिसं आली नाहीत आणि ती खुराड्यात जायला तयार नाही. स्वयंपाकघरात गॅसच्या टाकीमागं अंडं घालते.

परवा यांचे लष्करातले एक मित्र आले होते. "मुंगसाचा बंदोबस्त कसा केलात?" त्यांनी विचारलं. हे त्यांना फरशी, जाळी, तार सगळं दाखवत फिरले. मी चहा करायला आत जाणार, तेवढ्यात हे ओरडले, "अगं, तू उठू नकोस! कोंबड्या भाईर हायत."

चहा त्या दिवशी सासूबाईंनी केला.