कूलरला जागा न ठेवलेलं सभागृह

नागपुरात मी एक सभागृह बांधलं आणि त्यात कूलरला जागाच ठेवली नाही. बाहेरगावच्या वाचकांना यात काय एवढं ते कळणार नाही. नागपूरकरांनी एव्हाना कपाळावर हात मारला असेल. त्यातून पश्चिमेची अख्खी भिंत काचेची आणि न उघडणारी. कशासाठी, तर भाषण ऐकता ऐकता मंडळींना मावळतीचं आकाश दिसावं. मुंबईत शिकून आलेली तिशीतली बाई होते मी तेव्हा; तिला इथला मे महिना माहीत नव्हता असं नाही, जन्म इथलाच. पण नकाशा काढायला बसली की ती स्वतःला नागपूरची समजतच नसे.

सभागृह होतं आमच्या अभियंत्यांच्या संस्थेच्या नागपूर शाखेचं. ही शाखा निघाली दोन वाहून गेलेल्या पुलांमुळे. माझ्या आधीच्या पिढीत दोन अभियंत्यांनी दोन नाल्यांवर एकसारखे पूल बांधले; एक या पावसाळ्यात गेला, दुसरा पुढच्या, आणि दोन्ही अगदी एकाच कारणाने. पहिल्याने तोंड उघडलं असतं तर दुसऱ्याचा पूल वाचला असता. म्हणून पाटबंधारे, वीज, रेल्वे अशी निरनिराळ्या खात्यांतली मंडळी एका शाळेच्या वर्गात जमू लागली. रीत अशी पडली की दर महिन्याच्या सभेत आधी कुणीतरी उभं राहून आपली चूक सांगायची, ठेकेदारावर न ढकलता, आणि मग व्याख्यान.

ती रीत अजून चालू आहे. परवाच माझ्या नातीच्या वयाच्या एका पोरीने, गच्चीवरचे सौर पॅनल आपण पाण्याच्या टाकीच्या सावलीत कसे बसवले, ते खिदळत सांगितलं. मला तिचा हेवा वाटला. माझ्या वेळी मला हसू सुचलं नव्हतं.

उद्घाटन भर मेमध्ये. आमचे अध्यक्ष खापरखेड्याच्या वीज केंद्रातले, आणि विषय काय, तर केंद्रातलं पाणी थंड करणारे मनोरे. काचेतून ऊन थेट त्यांच्या तोंडावर. पंखे गरम हवा इकडून तिकडे ढकलत होते. अर्ध्या भाषणात त्यांनी रुमाल पिळला, शांतपणे आपली खुर्ची उचलली आणि बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसले. मागोमाग सगळं सभागृह खुर्च्या घेऊन बाहेर. आत मी आणि माझं मावळतीचं आकाश.

भिंत फोडावी लागणार हे उघड होतं. ते काम दुसऱ्याला द्यावं अशी कुजबुजही सुरू झाली. शाखेत मी एकटीच बाई. हे काम काढून घेतलं तर पुन्हा एखाद्या बाईच्या हाती काही देतील कशाला, या धास्तीने मला अन्न गोड लागेना. त्यात पुढच्या सभेत चूक सांगायची पाळी अर्थातच माझी. त्या दिवशी मी अंगात ताप असल्याचं सांगून पांघरूण घेतलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाही वं तुले, लाज हाय. जाऊन ये."

गेले. सभा कडुनिंबाखालीच होती. आधी लोखंडाच्या वजनाविषयी, काचेच्या जाडीविषयी बरंच बोलले. शेवटी म्हणून टाकलं की मला इमारत नव्हे, इमारतीचा फोटो बांधायचा होता. तेव्हा पहिल्यांदा हशा पिकला, आणि मग प्रश्न सुरू झाले: कूलर खाली किती उंचीवर हवेत, हवा पलीकडून बाहेर जायला झरोके कुठे, वर छज्जा केवढा. मी खडूने झाडाखालच्या फरशीवरच काढून दाखवू लागले.

सभा संपली, तरी कामाचं काय ते कुणी बोललं नाही. मी खडूचे हात पुसत होते, तेव्हा अध्यक्ष जवळ आले.

"भिंत तुम्हीच फोडा बाई. दुसऱ्याले काम देलं तं तो नवीन चूक करन, अन् ते ऐकाले आमाले पुन्हा महिनाभर थांबा लागन."