हेवी लायसन आणि इब्राहिमभाई

ट्रक शिकवायच्या धंद्यात किस्से गोळा करत बसावं लागत नाही. माणूस एकदा स्टेअरिंगवर बसला की त्याचं सगळं आपोआप बाहेर येतं. तो घाबरट आहे का, थापाड्या आहे का, घरी बायकोचं ऐकतो का, हे पहिल्या गिअरपासून तिसऱ्यापर्यंत समजतं. चौथ्याची गरजच पडत नाही! चार-पाच वर्षं असली माणसं रोज बघितली, तर डोक्यात काय काय साठेल तुम्हीच सांगा.

आणीबाणी उठली त्यानंतरची ही वर्षं. पौडला एसटी स्टँडच्या मागे मोकळी जागा होती, तिथं आमचं ट्रक ड्रायव्हिंग स्कूल. स्कूल म्हणजे एक जुना ट्रक, एक पत्र्याची शेड आणि इब्राहिमभाई. इब्राहिमभाई पौडचेच. वीस-बावीस वर्षं मालाचे ट्रक चालवून थकले आणि शिकवायला लागले. मी त्यांचा मास्तर. म्हणजे गाडी ते शिकवायचे, आणि मी फॉर्म भरायचो, रस्त्यावरच्या खुणांच्या पाट्या पाठ करून घ्यायचो, पोरांना घेऊन पुण्याच्या लायसन ऑफिसात खेटे घालायचो. मला स्वतःला ट्रक येत नव्हता. पण हे फार कुणाला माहीत नव्हतं!

*

पाट्या मी पुठ्ठ्यावर रंगवल्या होत्या. एकेक वर धरायची आणि विचारायचं. भूगावचा सीताराम म्हणून एक जण होता, हुशार. वळण सांगितलं, अरुंद पूल सांगितला. मग मी दप्तर घेतलेल्या मुलाची पाटी धरली.

"पुढं शाळा हाय," सीताराम म्हणाला.

"शाबास! मग तू काय करणार?"

"दुसऱ्या रस्त्यानं जाणार. पाचवीपासनं तसंच करतुय!"

*

माले गावच्या धोंडिबाने जन्मभर बैलगाडी हाकलेली. आता ट्रक शिकायचा म्हणून आला. लायसनसाठी डोळे तपासून डॉक्टरचा दाखला लागतो, म्हणून मी त्याला पौडच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. "वाचा."

"वाचाया येत न्हाई," धोंडिबा म्हणाला.

डॉक्टर पंचाईतीत पडले. मग त्याला बाहेर ओट्यावर घेऊन आले. समोर लांब डोंगर. "बरं, त्या डोंगरावर काय दिसतंय ते सांगा."

धोंडिबाने हाताने ऊन अडवलं. "म्हस दिसतीया. आमच्या पाव्हण्याची हाय. डावं शिंग मोडल्यालं हाय तिचं."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. पुन्हा घातला. डोळे बारीक केले. "अहो, मला म्हैसच दिसत नाही!"

दाखला मिळाला. मी ही हकीकत इब्राहिमभाईंना सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टरला म्हणावं, तुमाला आपली सायकलच बरी."

डोळ्यांचं काम झालं, पण धोंडिबाचा खरा घोळ पुढेच होता. पहिल्याच दिवशी समोर गुरं आली आणि त्याने काय करावं? स्टेअरिंग दोन्ही हातांनी छातीकडे ओढलं आणि ओरडला, "हो! हो! हो रं!" ट्रक आपला चाललाच आहे! शेवटी शेजारी बसलेल्या इब्राहिमभाईंनी हँडब्रेक ओढला. गुरं आरामात निघून गेली. धोंडिबा घामाघूम.

इब्राहिमभाई शांतपणे म्हणाले, "धोंडिबा, हिला कान न्हाईत. हिला पायानं सांगायचं."

पुढे धोंडिबा चांगला ड्रायव्हर झाला. पण ब्रेक दाबताना तोंडातल्या तोंडात "हो" म्हणायची सवय काही गेली नाही. इब्राहिमभाई म्हणायचे, "म्हनू दे की! ब्रेकला तेवढीच मदत."

*

बावधन तेव्हा खेडंच होतं. तिथल्या एका बागायतदाराचा मुलगा विलास, कडक इस्त्रीची टेरिकॉटची पँट घालून आला. म्हणाला, "भाई, मला शिकायचं न्हाई. नुसतं ट्रकचं हेवी लायसन पायजे."

"शिकायचं न्हाई तर लायसन कशाला?"

भानगड अशी होती, की त्याच्या मामाने मुलीकडच्यांना सांगून टाकलं होतं, आमचा भाचा स्वतः ट्रक चालवतो, लायसन आहे! आता सोयरीक ठरत आली होती आणि मुलगी विलासला मनापासून आवडली होती. इब्राहिमभाईंनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

आठ दिवसांनी मुलीचे वडीलच चौकशीला स्कूलवर हजर! "पोरगा कसा हाय म्हणता?"

खरं सांगावं तर लग्न मोडतं, आणि खोटं तर भाई सांगणार नाहीत. इब्राहिमभाईंनी थोडा विचार केला.

"पोरगा चांगला हाय. घर चांगलं हाय. फकस्त वरात त्याच्या ट्रकमधनं आणू नका!"

मुलीचे वडील आधी गंभीर झाले, मग जोरात हसले. घरी जाऊन त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. दोन दिवसांनी मुलीचा निरोप बावधनला पोचला : "आधी लायसन दाखवा, मग हळद लावून घेते."

विलास दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जुना पायजमा घालून स्कूलवर! त्याच्याइतकं जिवावर उदार होऊन कुणी रिव्हर्स शिकलेला मी पाहिला नाही. चौथ्या महिन्यात पास झाला आणि लग्नही झालं. अंतरपाट खाली आल्यावर नवरीने आधी लायसन मागून घेतलं आणि फोटो जुळतो का ते बघितलं म्हणे. खरं-खोटं विलासलाच ठाऊक!

*

भरलेला ट्रक चढावर थांबवून पुन्हा पुढे काढायचा आणि तसूभरही मागे येऊ द्यायचा नाही, ही खरी परीक्षा. क्लच अर्धा सोडायचा, अॅक्सिलरेटर द्यायचा, हँडब्रेक सोडायचा, हे सगळं एका दमात. इब्राहिमभाई पोरांना पिरंगुटच्या घाटात न्यायचे. चढावर गाडी थांबवून खाली उतरायचे आणि मागच्या चाकामागे हातभर अंतरावर स्वतःचा जेवणाचा डबा ठेवायचे!

"डबा चेपला तर आज मी उपाशी. काढ गाडी."

पहिल्या महिन्यात तीन डबे गेले. चौथ्या वेळी त्यांच्या घरच्या, जुबेदाभाभी, स्वतः स्कूलवर आल्या. हातात चेपून ताट झालेला डबा. "हितं ड्रायव्हर बनिवता का परातीचा कारखाना काढलाय?"

त्या दिवसापासून भाकरी फडक्यात यायला लागली. आता चाकामागे काय ठेवायचं? तेव्हा बबन नावाचा पोरगा शिकत होता. गाडी हमखास मागे आणायचा. बाकी सगळं येत होतं, इथेच हात-पाय गळायचे. त्या दिवशी घाटात इब्राहिमभाई नेहमीसारखे उतरले, मागे गेले आणि चाकामागे स्वतःच उभे राहिले.

आरशात बघून बबन पांढराफटक पडला. "भाई, बाजूला व्हा! माज्याच्यानं न्हाई व्हायचं!"

"हितंच हाय मी. काढ गाडी."

मी रस्त्याच्या कडेला. इंजिन घुमलं, ट्रक थरथरला आणि सरळ पुढे निघाला. एक बोटभरसुद्धा मागे आला नाही! वर जाऊन गाडी उभी केली तेव्हा बबन रडत होता आणि हसतही होता.

आम्ही दोघं चालत वर निघालो. मी म्हटलं, "भाई, गाडी मागे आली असती तर?"

"तर सरकलो असतो की. चाकाला डोळे न्हाईत, मला हायेत. पण त्याला सांगू नका, मास्तर!"

*

भाईंचा मुलगा रफीक. आमच्याकडे शिकलेल्या सगळ्यांत सरस हात त्याचा. पण भाई त्याचा फॉर्म भरू देईनात. सहा महिने झाले, आठ झाले. त्याच्यामागून आलेले पास होऊन कामाला लागले. रफीक माझ्याकडे येऊन म्हणायचा, "मास्तर, तुमी तरी अब्बाला विचारा, माझं काय चुकतंय?"

मी विचारलं.

"काय चुकत न्हाई," भाई म्हणाले. "त्याला अजून भ्याव वाटत न्हाई."

एका बाजारच्या दिवशी बाप-लेक गाडी घेऊन निघाले होते. वाटेत एक लहान मुलगी करडामागे धावत रस्त्यावर आली. रफीकने गाडी लांबच थांबवली, अगदी व्यवस्थित. मुलगी करडू उचलून घरी गेली. पण रफीकला पुढे गाडीच सुरू करता येईना. बराच वेळ तो नुसता रस्त्याकडे बघत बसला. भाईंनी घाई केली नाही. कधीतरी त्याने स्टार्टर मारला आणि सगळ्या वाटेने हळू चालवत परत आणली.

भाई शेडमध्ये आले, मडक्यातलं पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "मास्तर, ह्याचा फॉर्म भरा."

*

परीक्षा घ्यायला पुण्याहून महिन्यातून एकदा इन्स्पेक्टरसाहेब पौडला यायचे. कडक माणूस. कुणाचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. आमच्या दत्तूला त्यांनी दोनदा नापास केलं होतं. दोन्ही वेळा शेरा एकच : "निर्णय घेत नाही." दत्तू होताच तसा, विचारून विचारून पाय टाकणारा. घरी आई आणि दोन बहिणी, आणि दूधगाडीवरची नोकरी चालून आलेली. दूधवाल्याने सांगितलं होतं, पंधरा दिवस थांबतो, मग दुसरा बघतो.

तिसऱ्या परीक्षेला साहेब केबिनमध्ये दत्तूच्या शेजारी बसले. मी आणि इब्राहिमभाई मागे हौद्यात. ट्रकच्या मागून साहेबांची जीप. पिरंगुटचा घाट चढून वर गाडी वळवली आणि उताराला लागलो. दुसऱ्या वळणावर भाई एकदम उभे राहिले. "मास्तर, घट्ट धरा. ब्रेक गेला!"

केबिनमध्ये काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. पायाखालचा ब्रेक थेट तळाला गेला होता. दत्तू एवढंच म्हणाला, "साहेब, ब्रेक लागंना. पाय टेकवून बसा." त्याने गाडी तिसऱ्यात घेतली, मग दुसऱ्यात. इंजिन किंचाळत होतं. हॉर्न वाजवत डोंगराची बाजू धरली. पुढे रस्त्याच्या कामासाठी मुरमाचा ढीग टाकलेला होता. त्याच्यात डावं चाक घातलं आणि हँडब्रेक ओढला. गाडी ढिगात रुतून उभी राहिली. उजवीकडे खाली दरी.

मग साहेब उतरले. जीपचा ड्रायव्हर पळत आला. "साहेब, त्यानं हात दाखवला म्हणून मी थांबलो, नाहीतर मागून घुसलोच असतो!"

साहेबांनी दत्तूकडे बघितलं. "तेवढ्यात तू हात बाहेर काढलास?"

"मागं जीप व्हती न्हवं, साहेब."

इब्राहिमभाई पुढे झाले. टोपी हातात. "साहेब, चूक माजी. सकाळी ब्रेक मीच बघितला व्हता. पोराच्या नावावर काय लिवू नका."

"भाई, तुमची गाडी नापास," साहेब म्हणाले. "दुरुस्त करून मला दाखवल्याशिवाय रस्त्यावर आणायची नाही. माणूस पास. फॉर्म आणा."

तिथेच बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी सही केली आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

चौथ्या दिवशी मी दत्तूला घेऊन पुण्याच्या ऑफिसात गेलो. दूधवाल्याच्या मुदतीतले तीनच दिवस उरले होते. क्लार्कने फॉर्म उलटा-पालटा केला, दुसरे कागद काढून शेजारी ठेवले आणि मान हलवली. "ही साहेबांची सही नाही. खोटी सही आहे! पोलिसात देऊ का?"

दत्तूने माझा हात घट्ट धरला. मी परोपरीने सांगत होतो, क्लार्क ऐकेना. शेवटी तो फॉर्म घेऊन आम्हा दोघांना साहेबांच्या टेबलापुढे घेऊन गेला.

साहेबांनी चष्मा लावला. सहीकडे बराच वेळ बघितलं. मग दत्तूकडे बघितलं.

"माझीच आहे," ते म्हणाले.

"पण साहेब, अशी वाकडीतिकडी?"

"तेव्हा अशीच होत होती!"